चवदार तळे ते दामोदर खोरे : बाबासाहेबांचे पाण्याचे काम



दरवर्षी २० मार्च आला की आपल्या विहारात महाडच्या चवदार तळ्याची आठवण निघते. लहान मुले भाषणे करतात, आयाबाया गाणी म्हणतात. ओंजळभर पाण्याची ती हकिकत आपल्या घराघरांत पाठ आहे, आणि ती पाठ असायलाच पाहिजे. पण ज्या महामानवाने तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानेच पुढे सोळा वर्षांनी देशातल्या मोठमोठ्या नद्यांचा पूर कसा आवरायचा हा प्रश्न हाती घेतला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. जयंतीच्या भाषणांतही ते क्वचितच येते.

आपण तर खडकवासल्याची माणसं. धरण आपल्या दारात. आणि धरणाच्या खाली ते पाण्याचे संशोधन केंद्र, ज्याला आपण सीडब्ल्यूपीआरएस म्हणून ओळखतो. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडणार असे कळले की नदीकाठच्या माणसांच्या पोटात गोळा येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्राचा हा पाण्याचा भाग आपल्या स्मरणिकेत यावा असे वाटले. तो साध्या शब्दांत मांडतो.

लहानपणीची तहान

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही वर्षे दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. आई भीमाबाई लवकरच वारल्या.

१९०१ च्या सुमाराची गोष्ट. दुष्काळाने माणसे मरत होती. त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात कोरेगाव येथे तलाव खोदायचे काम काढले होते, आणि त्या कामावर रामजीबाबा खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत छोटा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, पण न्यायला कुणी आले नव्हते. जात कळताच बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, या अटीवर. बरोबर शिदोरी होती, पण प्यायला पाणी कुणी दिले नाही. ती मुले रात्रभर तहानलेली राहिली.

विचार करा. बाप तलाव खोदणाऱ्यांची मजुरी वाटत होता आणि त्याच्याकडे निघालेल्या लेकराला वाटेत घोटभर पाणी मिळत नव्हते. तळी खोदली, धरणे बांधली म्हणजे सगळ्यांना पाणी मिळाले असे होत नाही. ते पाणी कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न उरतोच. बाबासाहेबांना हे पुस्तक वाचून कळलेले नव्हते, वयाच्या दहाव्या वर्षी कोरड पडलेल्या घशाने कळले होते.

पुढे ते शिकले. १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला गेले. विषय अर्थशास्त्र. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे नुसते जोडून शेतकरी सुखी होणार नाही, शेतीला भांडवल आणि अवजारे पाहिजेत, आणि शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे, असा त्याचा मतितार्थ होता. पुढे नद्यांचा प्रश्न आला तेव्हा पाणी आणि वीज यांचा विचार त्यांनी एकत्र का केला, त्याचे मूळ या निबंधात सापडते.

महाडचे तळे आणि भाताची खाचरे

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे कायद्याने सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावरचा ठराव घागरीत उतरत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले. पुढे कोर्टकचेरी झाली ती दहा वर्षे, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हे आपण जाणतोच, म्हणून लांबवत नाही.

पण त्याच कोकणात दुसरे एक दुःख होते. तिथे पाऊस भरपूर, भाताचे पीक भरपूर, तरी पिकवणारा उपाशी! कारण खोत. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला हा खोत भाताचा मोठा वाटा उचलून न्यायचा, वर वेठबिगार. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून कुळांनी जमिनी कसायच्या नाहीत असा संप केला. तो सहा वर्षे चालला. बाबासाहेब या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. त्यात आगरी, कुणबी, महार असे सगळेच होते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याला भरलेल्या कायदेमंडळाच्या अधिवेशनात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. ते विधेयक त्या वेळी पास झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

म्हणजे १९४२ पर्यंत बाबासाहेबांनी पाण्याच्या दोन बाजू पाहिल्या होत्या. एक पिण्याच्या पाण्याची, दुसरी भात पिकवणाऱ्याच्या घामाची. आता तिसरी पुढे येणार होती.

मजूरमंत्री बाबासाहेब आणि दामोदरचा पूर

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आपल्याला वाटते, मजूरमंत्री म्हणजे कामाचे तास आणि पगार एवढेच. तसे नव्हते. त्या खात्याकडे खाणी होत्या, सरकारी बांधकामे होती, वीज होती आणि पाटबंधारेही होते.

तेव्हा महायुद्ध चालू होते. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी जुलै महिन्यात दामोदर नदीला पूर आला. बरद्वानजवळ तिचा डावा बांध फुटला. भाताची शेते आणि गावे पाण्याखाली गेली, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला, आणि कलकत्त्याचा बाकी देशाशी खुष्कीचा संबंध कित्येक आठवडे विस्कळीत झाला.

दामोदर उगम पावते छोटानागपूरच्या पठारावर, जो भाग तेव्हा बिहारात होता आणि आता झारखंडात आहे, आणि खाली बंगालच्या सपाट भातपट्ट्यात उतरते. पाऊस पडतो वर, बुडतात खालचे. आजवरचा इलाज एकच होता, काठाने मातीचे बांध घालायचे. पण बांधांमध्ये कोंडलेली नदी आपला गाळ तळाशी टाकते, तळ वर येतो, मग बांध आणखी उंच करावे लागतात, आणि एक दिवस ते फुटतात. शिवाय बांधही सगळ्यांसाठी सारखे नव्हते. डाव्या तीरावर रेल्वे आणि मोठा रस्ता, म्हणून तो बांध भक्कम ठेवलेला. पाण्याला वाट मिळावी म्हणून उजव्या तीराचे बांध काही मैलांपर्यंत १८५० नंतरच्या दशकात काढूनच टाकले होते. म्हणजे एका काठाच्या बचावासाठी दुसऱ्या काठच्या गरीब गावांनी बुडायचे!

बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा त्या समितीत होते. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ साली एक स्वतंत्र प्राधिकरण झाले होते, तसेच इथे करावे असे सुचवण्यात आले. ही गोष्ट प्रत्यक्षात आणायची जबाबदारी मजूर खात्यावर, म्हणजे बाबासाहेबांवर आली.

३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला बैठक झाली. अध्यक्ष बाबासाहेब. एका बाजूला बंगाल सरकार, दुसऱ्या बाजूला बिहार सरकार, मध्ये केंद्र सरकार. अडचण काय होती बघा. धरणे बांधायची बिहारात, जमिनी बुडणार बिहारच्या आणि पूर थांबणार बंगालचा. मग बिहारने कबूल का व्हावे? बाबासाहेबांनी भूमिका घेतली की नदीला प्रांताची हद्द नसते. खोरे हे एकच आहे असे धरून योजना करायची, आणि ती नुसती पुरापुरती ठेवायची नाही. त्याच धरणांतून शेतीला पाणी, कारखान्यांना वीज आणि नावांना वाट मिळाली पाहिजे, म्हणजे वरच्यालाही लाभ आणि खालच्यालाही लाभ. त्याच साली २३ ऑगस्टला पुन्हा कलकत्त्याला बैठक झाली. टेनेसी खोऱ्यात काम केलेले अमेरिकन अभियंते वुर्डुइन यांनी आठ धरणांचा आराखडा दिला होता, त्यावर पुढची पावले ठरली.

खाचराचे उदाहरण

हे खोऱ्याचे प्रकरण अवघड वाटत असेल तर आपल्या पानशेत-वेल्ह्याकडची किंवा मुळशीची भातखाचरे डोळ्यांपुढे आणा. डोंगरउतारावर एकाखाली एक पायऱ्यांसारखी खाचरे असतात. वरच्या खाचरात पाणी भरते, बांधाला ठेवलेल्या वाटेने ते सावकाश खालच्यात उतरते, तिथून त्याच्या खालच्यात. वरच्याने पाणी अडवूनच धरले तर खालच्याची लावणी होत नाही. वरच्याने एकदम बांध फोडला तर खालच्याची रोपे वाहून जातात. सगळी खाचरे मिळून एकच शेत आहे असे समजून वागले तरच सर्वांचे भात पिकते. नदीचे खोरेही असेच असते, फक्त आकार मोठा. धरणाने पुराचे पाणी थोडा वेळ पोटात घ्यायचे आणि बेताबेताने सोडायचे. पण त्यासाठी पूर येण्याआधी धरणात रिकामी जागा ठेवावी लागते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, इतके हे सोपे आहे.

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला महानदीसंबंधी बैठक झाली, तिचेही अध्यक्ष बाबासाहेबच. ओरिसात पूर, दुष्काळ आणि हिवताप अशी तिन्ही संकटे. तिथे समित्यांमागून समित्या झाल्या होत्या. १९३७ साली सर विश्वेश्वरय्यांचाही सल्ला घेतला गेला होता. जुना विचार असा की पुराचे पाणी ही पीडा आहे, ते लवकरात लवकर समुद्रात घालवा. बाबासाहेबांनी हा विचारच उलटा केला. माणसाचे नुकसान पाण्याच्या अतिपणापेक्षा पाण्याच्या टंचाईने जास्त होते, पाणी ही संपत्ती आहे, म्हणून ते घालवू नका, साठवा, अशी त्यांची मांडणी होती. या विचारातूनच हिराकूड धरणाची वाट मोकळी झाली. १९४६ च्या मार्चमध्ये त्याची कोनशिला बसली. संबळपूरकडची भातशेती आज त्या पाण्यावर पिकते.

आपल्या खडकवासल्याशी नाते

आता आपल्याकडे येऊ. आपले धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. इंग्रज अभियंता फाईफ याच्या नावाने त्या जलाशयाला लेक फाईफ म्हणत. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी तयार केलेले, पाणी चढले की आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा इथेच बसले. १९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी जो लहानसा विभाग सुरू केला, तोच पुढे खडकवासल्याला येऊन वाढला आणि १९३६ च्या सुमारास केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला. सर क्लॉड इंग्लिस यांनी तिथे अनेक वर्षे नद्यांचा अभ्यास केला. मोठ्या नदीची लहान प्रतिकृती जमिनीवर करायची, वाळू टाकायची, मोजून पाणी सोडायचे आणि पूर कुठे काठ खातो, सांडव्याखाली किती खड्डा पडतो, ते आधीच पाहून घ्यायचे, असे हे काम. भाक्रा, हिराकूड यांसारख्या धरणांचे प्रयोग इथे झाले.

नद्यांचे काम प्रत्येक प्रांताने वेगवेगळे न करता देशपातळीवर त्याला एक जाणकार यंत्रणा असावी, हे मजूर खात्याचे धोरण होते. म्हणून एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. डॉ. ए. एन. खोसला त्याचे पहिले अध्यक्ष. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. खडकवासल्याचे केंद्र आणि हा आयोग ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, एकाने प्रयोग करायचा, दुसऱ्याने योजना आखायची. तेव्हा त्या फाटकावरून जाताना मुलांना हे जरूर सांगावे.

पुढे काय झाले

१९४६ साली बाबासाहेबांनी ते खाते सोडले. मार्च १९४७ मध्ये त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात शेतजमीन सरकारच्या मालकीची करून गावाने सामुदायिक पद्धतीने कसावी आणि पाणी, बी-बियाणे, अवजारे, खत सरकारने पुरवावे, अशी योजना होती. ती कुणी अमलात आणली नाही. संविधानात मात्र दोन गोष्टी आल्या. अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांचे नियमन आणि विकास केंद्राला हाती घेता येईल अशी नोंद, आणि अशा नद्यांच्या तंट्यांचा निवाडा करण्याची व्यवस्था संसदेने करावी असे अनुच्छेद २६२. त्याखाली १९५६ साली कायदा झाला. आपल्या मुठेचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते. त्या कृष्णेचे वाटप ठरवायला १९६९ साली जो लवाद बसला, तो याच कायद्याने.

दामोदर खोरे महामंडळ ७ जुलै १९४८ रोजी अस्तित्वात आले. तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७ आणि पंचेत १९५९ अशी चार धरणे झाली. आराखडा आठांचा होता हे लक्षात ठेवा. धरणे कमी झाली, जलाशयांसाठी लागणारी सगळी जमीनही मिळाली नाही, त्यामुळे पूर ओसरले तरी संपले नाहीत. १९७८ साली खालच्या बंगालने पुन्हा मोठा पूर पाहिला. आणि आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. धरणात ज्यांची घरेदारे गेली त्यांत संथाळ आदिवासी होते, हिराकूडला हजारो शेतकरी कुटुंबे होती. त्यांतल्या अनेकांना मोबदला पुरता मिळाला नाही. पानशेत-वरसगावच्या उठलेल्या गावांचे दुःख आपण जवळून पाहिलेले आहे. लाभ वरच्याला आणि खालच्याला सारखा, हा बाबासाहेबांचा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.

रोहिणीचे पाणी

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या जवळच देहूरोड येथे भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हिराकूड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी झाले, म्हणजे ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

शेवटच्या वर्षांत त्यांनी जो बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहिला, त्यात सिद्धार्थाने घर का सोडले याचे कारण त्यांनी वेगळे दिले आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून वैराग्य आले, ही जुनी कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. एका काठाला शाक्य, दुसऱ्या काठाला कोलिय. दोघांचीही शेते त्याच पाण्यावर. सिद्धार्थाच्या पित्याचे नाव शुद्धोदन, म्हणजे शुद्ध भात, असा हा भातकऱ्यांचा मुलूख! पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून मारामारी झाली आणि शाक्य संघाने युद्धाचा प्रस्ताव आणला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा, असे त्याने सुचवले. संघाने ते मानले नाही, आणि अखेर सिद्धार्थाला परिव्रज्या घ्यावी लागली.

आता कलकत्त्याची ती बैठक आठवा. दोन प्रांत, एक नदी, आणि मध्ये बसून दोघांना एका विचारावर आणणारे बाबासाहेब. अनुच्छेद २६२ मधला लवादही तोच. रोहिणीच्या काठी जे नाकारले गेले, ते या देशाच्या संविधानात लिहिले गेले. मला तरी हे दोन्ही वेगळे काढता येत नाही.

आपण काय घ्यायचे?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुणे बुडाले. आपल्यातल्या ज्येष्ठांनी तो दिवस पाहिला आहे. अगदी अलीकडे २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरले. दर वेळी आधी बुडतो तो सखल जागेत, नदीच्या अंगाला राहणारा माणूस. तो तिथे हौसेने राहत नाही.

म्हणून विहारात जमल्यावर पाण्याबद्दलही बोलावे. नदीत राडारोडा टाकू नये, टाकणाऱ्याला अडवावे. ओढे बुजवले जात असतील तर विचारावे. पाणी सोडण्याची सूचना आपल्या वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचते का, ते पावसाळ्याआधी पाहावे. आणि मुलामुलींनी पाण्याचे शास्त्र शिकावे. ज्यांच्या आजा-पणज्यांना पाणवठ्याला शिवू दिले नाही, त्यांची नातवंडे या देशाच्या नद्यांचे मोजमाप करतील, तर बाबासाहेबांना याहून मोठे अभिवादन कोणते?

महाडला त्यांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवून दिला. कलकत्त्याला आणि कटकला त्यांनी ते पाणी सर्वांच्या पोटापाण्याला कसे लावायचे हे दाखवले. पहिली गोष्ट आपण जपली आहे, दुसरीही जपू या.

जयभीम! नमो बुद्धाय!